तीस तारखेच्या आत

३ मार्च

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला सलाम. वहिनीचा गुडघा आता वाकतो का? आणि तू ते कानातलं यंत्र अजून डबीतच ठेवतोस असं ती म्हणाली. चाळीस वर्षं कॉम्प्रेसरच्या खोलीत कान फोडून घेतलेस, आता यंत्र घालायला कसली लाज?

फोनच केला असता, पण तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगणं. मेसेज करावा तर काचेचा फोन घरात आणणार नाही असं तू चर्चमध्ये भर मंडळीत उभं राहून सांगितलेलं. म्हणून पत्र. शिवाय जे सांगायचं आहे ते तोंडाने मला जमलंही नसतं.

डिसेंबरात माझी पिशवी काढली हे तुला ठाऊक आहेच. मागच्या आठवड्यापासून कामावर जाते. गणवेशांचं काम जोरात आहे, एका वेळी ऐंशी थर कापडावर कटर चालवायचा. अर्धा दिवस उभी राहते, अर्धा दिवस स्टुलावर. मास्तर कुरकुरतात, पण माझ्यासारखा सरळ हात त्यांना दुसरा मिळत नाही, म्हणून गप्प बसतात.

आता मुद्द्याचं. चिंगी झाली तेव्हा तू मंडळीसमोर साक्ष दिलीस, की नऊ वर्षांच्या प्रार्थनेचं उत्तर देवाने दिलं. मी पहिल्या बाकावर तिला मांडीवर घेऊन बसले होते आणि मान खाली घातली होती. तुला वाटलं मी प्रार्थना करते आहे. दादा, ती साक्ष खोटी नव्हती, पण अर्धी होती. आम्ही एका मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. तिथे शरीराबाहेर, काचेत, आमचे दोघांचे तीन गर्भ तयार केले. एक माझ्या पोटात ठेवला, तीच आपली चिंगी. उरलेले दोन त्यांनी गोठवून ठेवले. सहा वर्षं ते तिथेच आहेत.

मनात होतं, पुढेमागे आणखी एक होऊ देऊ. मग एकेक करत राहिलं, आणि आता पिशवीच नाही.

दवाखाना नव्या इमारतीत जातो आहे. त्यांनी सगळ्यांना फॉर्म पाठवलेत. तीन चौकोन आहेत. एक, पुढे ठेवा. दोन, मूल नसलेल्या दुसऱ्या जोडप्याला द्या. तीन, ठेवणं बंद करा. एकावर खूण करून तीस एप्रिलच्या आत पाठवायचा. बंद करा म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

हे म्हणतात, तुझा विश्वास, तूच ठरव. मला ठरवता येत नाही. तू मंडळीचा वडील आहेस, लोक कोणकोणते प्रश्न घेऊन तुझ्या दारात येतात. आज मी आले आहे असं समज. मी काय करू ते सांग. आणि हे वाचून तू माझा भाऊ राहशील का, तेही.

तुझी,
भिंगरी


१४ मार्च

प्रिय भिंगरी,

तुला, पाहुण्यांना आणि चिंगीला आमच्या घरचा सलाम.

पत्र आठ तारखेला मिळालं. कामावर, शीतगृहाच्या खोली नंबर चारच्या बाहेर उभ्याउभ्या वाचलं. मग आत जाऊन सफरचंदांच्या पेट्यांमध्ये बसलो. तिथे चार अंश असतं, डोकं थंड होईल असं वाटलं. झालं नाही. मुकादम विचारायला आला की बरं नाही का.

आधी राग लिहून टाकतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. सहा वर्षं तू मला अर्धवट साक्ष मिरवू दिलीस. किती जोडप्यांना मी चिंगीचं उदाहरण दिलं, की बघा, दवाखान्यांच्या मागे धावू नका, थांबा, माझी बहीण थांबली. एक दोघं माझ्या शब्दावर खरंच थांबली, भिंगरी. त्यांचे पाळणे रिकामे आहेत. त्यांच्या डोळ्यांना मी डोळा कसा देऊ?

झालं. आता राहशील का भाऊ म्हणून विचारतेस. मूर्ख आहेस. उपासनेत बाकाखालून रांगत बायकांच्या वहाणा उलटसुलट करायचीस, तेव्हा तुझ्या वाटचा मार मीच खाल्ला होता. अजून खाईन.

चिंगी देवाची देणगी आहे, यात मला काडीची शंका नाही. पण त्या दोघांचं काय? गर्भाविषयी शास्त्रात जे आहे ते तुला तोंडपाठ आहे, इथे उतरवत नाही. माझ्या लेखी ती दोन लेकरं आहेत. डॉक्टर दुसरा शब्द वापरतात, आणि मीही तो मनातल्या मनात वापरून पाहिला. जीभ वळली नाही. तू चिंगीचा हात हातात घे आणि तूच वापरून बघ.

आमच्याकडे गॅसची नळकांडी घेऊन येणाऱ्या माणसाला मी सहज विचारलं, अशा ठिकाणी गारवा किती असतो. म्हणाला, शून्याच्या खाली एकशे शहाण्णव. पातळ नायट्रोजन टाकीत ओतून ठेवतात आणि तो सारखा उडून जातो, म्हणून सारखा भरावा लागतो. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. टाकी कोण भरतं? रविवारी कोण असतं? टाकीची पातळी उतरली तर घंटा वाजते का, आणि वाजली तर ऐकायला माणूस असतो का? दवाखान्याचं नावही कळव.

आजकालची ही रीतच झाली आहे. माणूस आधी करून मोकळा होतो आणि मग शास्त्रात स्वतःसाठी जागा शोधत बसतो. पण खरं सांगायचं तर मीही पाच दिवस शोधलं, आणि टाक्यांविषयी मला काही सापडलं नाही. दुसरा चौकोन मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. पण मग ती कुणाच्या घरी वाढतील, त्यांना देवाचं नाव कोण सांगेल?

मला अख्खा फॉर्म पाठव. विचार करून लिहितो.

तुझा,
दादा


२२ मार्च

प्रिय दादा,

तुझा राग वाचला. बरं वाटलं. तू गोड गोड लिहिलं असतंस तर मला धडकी भरली असती.

टाकी कोण भरतं ते मला माहीत नाही. सहा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही आणि तू पाच दिवसांत गॅसवाल्याला गाठलंस. तुझ्या पत्रातलं तेवढंच वाचून मी ओट्याशी उभी राहून रडले. चिंगीने विचारलं काय झालं. म्हटलं, मामाचं अक्षर वाईट आहे, डोळे दुखले. दवाखान्याचं नाव सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं आहे.

दुसरा चौकोन मला जमणार नाही. बसमध्ये, बाजारात, कुठल्याही पोरीच्या कपाळावर मी चिंगीचा भोवरा शोधत बसेन. आणि यांनी तर साफ सांगितलंय की त्यावर ते सही करणार नाहीत. पहिल्या चौकोनावरही नाही. तिन्हींवर दोघांच्या सह्या लागतात, तिथेच सगळं अडतं.

त्यांना वाईट समजू नकोस. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून बघून या माणसाला न बोललेलं पण दिसतं. नऊ वर्षं ते माझ्याबरोबर मंडळीत येऊन बसले. दर रविवारी कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, विश्वास कमी पडतोय. एकदाही उलटून बोलले नाहीत. आता म्हणतात, मला एक मुलगी आहे, तिचे डबे भरायचे आहेत, मी अजून किती वर्षं त्या टाकीकडे बघत राहू? मी तिसऱ्यावर सही करतो, तू कर म्हटलंस की. तू नको म्हणालीस तर कशावरच करणार नाही. एवढंच त्यांचं म्हणणं. यात भांडायला जागाच नाही रे.

फॉर्म चार पानांचा आहे, सगळी वकिली भाषा. पाठवून काय करू? चौकोन तीनच आहेत आणि ते तुला सांगितलेत. तू फक्त सांग. तू जे म्हणशील ते मी करीन. आयुष्यात पहिल्यांदा म्हणते आहे, जपून वापर.

भिंगरी


२ एप्रिल

प्रिय भिंगरी,

सर्वांना सलाम. वहिनी गुडघा वाकवून दाखवते आहे, तुला कळवायला सांगितलं.

सहा दिवस यावरच घालवले. उपास केला, तोही वहिनीला कारण न सांगता, त्यामुळे तिला वाटतं माझं पोट बिघडलंय आणि ती मला काढे पाजते आहे. आता मन ठरलं आहे. नीट वाच.

कशावरच सही करू नकोस.

तिसऱ्यावर सही करणं म्हणजे काय ते आपण दोघं जाणतो. पहिल्या दोनवर पाहुणे सही देत नाहीत, आणि नवऱ्याच्या मनाविरुद्ध जोर कर असं मी तुला सांगणार नाही. मग उरतं ते गप्प राहणं. फॉर्म कपाटात ठेव आणि तीस तारीख जाऊ दे.

तू म्हणशील, त्याने काय होणार? मी या धंद्यात जन्म घालवला आहे. शीतगृहात दुसऱ्याचा माल ठेवला की एक नियम असतो. मालकाचा निरोप आला तर माल हलवायचा. निरोप आला नाही तर हात लावायचा नाही. पेटीवर लाल चिठ्ठी लावायची, 'थांबवलेला', आणि गारवा चालू ठेवायचा. आमच्याकडे एक व्यापारी वारला होता, मुलगे आपसात भांडत बसले, कुणी पत्राला उत्तर देईना. त्याच्या पेट्या आम्ही दोन हंगाम सांभाळल्या. दोन हंगाम! सफरचंदांसाठी! मग तिथे तर लेकरं आहेत, आणि ती सांभाळणारी शिकलेली माणसं. ती काय आपण बोललो नाही म्हणून टाकी रिकामी करतील? स्मरणपत्र पाठवतील, दुसरं पाठवतील. तोवर वर्ष जाईल. वर्षात पाहुण्यांचं मन वळेल, किंवा देव अशी वाट काढेल जी तुला मला आज दिसत नाही.

हल्ली सगळीकडे माणसाच्या हातात चौकोन देतात आणि म्हणतात, निवड. जन्म निवड, मरण निवड, जणू आपणच मालक. न निवडणं हेही एक विश्वासाचं कृत्य आहे असं मला वाटतं. आपण हात मागे घेऊ आणि त्याच्या हातांना जागा देऊ.

मला माहीत आहे, तुला स्पष्ट उत्तर हवं होतं. हे माझं स्पष्ट उत्तर आहे. त्याचा भार माझ्यावर.

तुझा,
दादा


९ एप्रिल

प्रिय दादा,

तुझं ऐकलं. फॉर्म कपाटात, चादरींच्या खाली. यांना सांगितलं की दादा म्हणतो काहीच करू नका. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, ठीक आहे, दादांचा शब्द.

बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

चिंगीचा पुढचा दात पडला. तिने तुझ्यासाठी चित्र काढलं आहे, सोबत आहे. त्यात तू आहेस आणि तुझे कान केवढे मोठे आहेत ते बघ. म्हणते, मामाला ऐकू येत नाही म्हणून मोठे काढले.

काढे पी.

भिंगरी


२४ एप्रिल

भिंगरी,

घाईत लिहितो आहे. पोस्ट बंद व्हायच्या आत टाकायचं आहे, जलद टपालाने.

पाळकसाहेबांची पुतणी सुट्टीवर आली आहे, मोठ्या रुग्णालयात नर्स आहे. आज मंडळीच्या खोलीत बाक रंगवत होतो तेव्हा मी तिला सहज म्हणून विचारलं, अमुक ठिकाणी गर्भ ठेवलेले असतात, त्यांच्या फॉर्मला कुणी उत्तर दिलं नाही तर काय करतात? ती ब्रश न थांबवता म्हणाली, आमच्याकडे उत्तर नाही म्हणजे बंद करा असंच धरतात, फॉर्मवरच छापलेलं असतं, बहुतेक ठिकाणी तसंच असणार.

माझ्या हातून डबा सांडला. अर्ध्या बाकावर डाग पडला.

भिंगरी, मी सफरचंदांचा नियम लावला. मी फॉर्म मागितला होता, तू पाठवला नाहीस, आणि मीही पुन्हा मागितला नाही. मला वाटलं मला गोठवण्यातलं कळतं. फॉर्म काढ. एकेक ओळ वाच. बारीक अक्षरं असतात ती आधी वाच. तसं काही लिहिलेलं असेल तर त्यांना फोन कर, जाऊन बस, दारात आडवी पड. पाहुण्यांच्या मी पाया पडतो असं त्यांना सांग. वयाने मोठा असून म्हणतो आहे, ते समजतील.

पत्र पोचायला पाच सहा दिवस लागतात आणि आज चोवीस तारीख. म्हणून पाळकीणबाईंच्या घरी गेलो आणि त्यांच्या काचेच्या फोनवरून तुला निरोप पाठवायला लावला. त्या बघतच राहिल्या. गेल्या वर्षी याच फोनपायी मी त्यांना चारचौघांत बोललो होतो. त्यांना काही कळू नये म्हणून एवढंच लिहायला सांगितलं, 'भिंगरी, फॉर्मचं प्रत्येक पान वाच. आजच. दादा.' त्यांनी दाखवलं की निरोप गेला. थोड्या वेळाने दोन खुणा निळ्या झाल्या, म्हणाल्या, वाचला तिने. मी तिथेच तासभर बसून राहिलो. उत्तर आलं नाही. तू धावपळीत असशील. तशीच असशील ना?

लवकर कळव. त्याच फोनवर कळव, लाज गेली चुलीत.

दादा


११ मे

प्रिय दादा,

तुझं जलद टपाल तीस तारखेला दुपारी आलं. त्यात नवीन काही नव्हतं. निरोप मी चोवीसलाच वाचला होता. वाचून फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि चिंगीची वेणी घालायला बसले.

आता मी सांगते ते एका दमात वाच, मधे त्या गार खोलीत जाऊन बसू नकोस.

ती ओळ तिसऱ्या पानाच्या तळाशी आहे. 'दिलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास संमती समजून ठेवणं बंद करण्यात येईल.' मी ती पहिल्याच दिवशी वाचली होती. तुला पहिलं पत्र लिहिण्याच्या आधी. कापड मापणारी बाई मी, ऐंशी थरांवर कटर ठेवायच्या आधी तीनदा मोजते. मी फॉर्म न वाचता राहीन?

तुझं दोन एप्रिलचं पत्र आलं तेव्हा मी हसले. मेलेल्या व्यापाऱ्याची सफरचंदं! मग हसू थांबलं. कारण तू मला नेमकं तेच करायला सांगत होतास जे केलं की सगळं संपणार होतं, आणि तुला ते ठाऊक नव्हतं, आणि मला होतं. एका ओळीचं कार्ड टाकलं असतं तरी पुरे होतं. 'दादा, तसं नसतं रे.' एवढंच. मी कार्ड विकत घेतलंसुद्धा. त्यावर चिंगीने सशाचं चित्र काढलं.

तिसऱ्या चौकोनावर खूण करायची माझी छाती नव्हती. पहिल्यावर सही मिळत नव्हती, दुसऱ्याकडे हात जात नव्हता. आणि तू म्हणालास, गप्प राहा, भार माझ्यावर. मी तुझ्या मागे लपले. लहानपणी लपायची तशीच. यांना 'दादांचा शब्द' म्हणून सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे का बघत राहिले ते तुला आता कळलं असेल. त्यांनीही फॉर्म वाचला होता. आम्ही दोघांनी ती ओळ वाचली होती आणि दोघं ती न वाचल्यासारखे जेवत होतो.

आणखी एक आहे, तेही सांगते, नाहीतर ते मला आतून खाईल. त्याच पानावर लिहिलं होतं की एक फोन केला तर एकदाच तीस दिवसांची मुदत वाढवून मिळेल, त्याला सही लागत नाही. तुझा निरोप आला तेव्हा फोन माझ्या हातातच होता. सहा दिवस होते.

तीस तारखेला काही झालं नाही. हेच मला सहन होत नाही. खेळाच्या विजारींचं कापड होतं, सरळ कापलं गेलं. घरी आले, चिंगीच्या वजाबाक्या तपासल्या. पाच तारखेला दवाखान्याचं पत्र आलं. 'आपल्या इच्छेनुसार प्रक्रिया पूर्ण करण्यात आली आहे.' आपल्या इच्छेनुसार. यांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि न्हाणीघरात गेले, नळ सोडला, खूप वेळ बाहेर आले नाहीत.

अशा बायकांसाठी तू व्यासपीठावरून कोणता शब्द वापरतोस ते मी ऐकलं आहे. तो मला लावायचा असेल तर लाव. फक्त मंडळीचं छापील पत्रक पाठवू नकोस. तुझ्या हाताने लिही.

भिंगरी


२८ मे

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. चार उत्तरं लिहिली आणि फाडली. पहिल्यात तो शब्द होता. मी तो लिहिला, तू सांगितलंस तसा, हाताने, आणि त्याच्यापुढे तुझं नाव लिहायला गेलो. हात तिथे चालला नाही. दुसऱ्यात मी तुला पूर्ण माफ करून टाकलं होतं, पण ते वाचून मलाच खरं वाटेना. मला राग आहे. फार आहे. माझ्या भोळेपणाची तू दोरी केलीस आणि ती मलाच उपास करून वळायला लावलीस.

आणि तरी तुला एकटीला मी काही म्हणू शकत नाही, कारण तू सगळं सांगितलंस आणि मी सांगितलेलं नाही.

एकोणतीस तारखेला तुझं काहीच कळेना तेव्हा मी पाळकीणबाईंकडे पुन्हा गेलो. त्यांच्या फोनवरून मी दवाखान्यालाच फोन लावला. नंबर पुतणीने शोधून दिला होता. पलीकडे एक बाई होती. मी म्हटलं, तीस तारखेचं थांबवता येईल का? ती काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली, आवाज चांगला होता, पण मला शब्द एकही लागेना. यंत्र घातलं होतं, ते फोनला लावलं की शिट्टी घालतं. मी पुन्हा विचारलं, ती पुन्हा बोलली. पाळकीणबाईंनी हात पुढे केला, म्हणाल्या, द्या मी ऐकून सांगते. त्या अगदी समोर होत्या, हातभर अंतरावर.

मी फोन दिला नाही. दिला असता तर त्यांना कळलं असतं की ती बाई कोण, आणि मंडळीच्या वडिलाची सख्खी बहीण कोणत्या दवाखान्यात जाते. तुझ्या अब्रूसाठी दिला नाही असं मी स्वतःला महिनाभर सांगत होतो. तुझ्यासाठी नव्हतं ते. मी त्या बाईला धन्यवाद म्हटलं आणि फोन बंद केला. बहुधा ती मला तीच तीस दिवसांची गोष्ट सांगत होती. तुझं पत्र वाचल्यापासून मला तसंच वाटतं, आणि आता ते कधी कळायचं नाही.

म्हणजे बघ. तू एक फोन केला नाहीस आणि मी एक फोन हातातून सोडला नाही. आता कुणी कुणाला काय म्हणावं?

आणखी आहे. एप्रिलच्या पहिल्या बुधवारी मी प्रार्थनासभेत एक विनंती ठेवली होती. नाव घेतलं नाही. म्हटलं, दोन बाळं जन्माला यायची आहेत, त्यांना धोका आहे, सगळ्यांनी आठवण ठेवा. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, ज्याने विनंती ठेवली त्यानेच उठून काय झालं ते सांगायचं, तोवर ती वहीतून निघत नाही. दर बुधवारी वही वाचली जाते. 'दोन बाळं' आलं की सगळे माना खाली घालतात. आज त्यानंतरचा आठवा बुधवार. मे महिन्याच्या चारही बुधवारी त्यांनी प्रार्थना केली, भिंगरी, आणि पहिल्या बुधवारी मला माहीत नव्हतं, दुसऱ्याही, पण मागच्या आठवड्यात आणि आज मला माहीत होतं. उठून सांगायचं तर काय सांगू? मी बाकाची कड धरून बसून राहिलो.

आज सभा संपल्यावर लोकरवाल्या आजी माझ्यापाशी आल्या. त्या आता ऐंशीच्या आहेत, एका डोळ्याने दिसत नाही. मंडळीत कुणाचंही बाळ यायचं असलं की त्या विणतात, चिंगीचं पिवळं टोपडं त्यांचंच. त्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. दोन झबली. पांढरी, गळ्याला निळी नाडी. म्हणाल्या, मुलगा की मुलगी ते तू सांगितलं नाहीस, म्हणून पांढरी केली, आणि दोन्ही एकाच मापाची, जुळी असतील असं समजून. मग माझ्या कानाशी येऊन मोठ्याने विचारलं, होतील ना रे अंगाला?

मी म्हटलं, होतील.

मी मंडळीचा वडील. व्यासपीठावरून खोट्याविषयी मी किती वेळा बोललो असेन.

झबली माझ्या कपाटात आहेत. वहिनीने पाहिली आणि कुणाची म्हणून विचारलं, आणि मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. ती त्यातलं एक हातात घेऊन त्याच्या बाह्या सरळ करत बसली. पुढच्या बुधवारी मी उठून काय बोलणार आहे ते मला कळत नाही. देवाला विचारतो, तिकडूनही काही ऐकू येत नाही. तो काही बोलत असेल आणि दोष माझ्याच कानांचा असेल, असं धरून चाललो आहे.

झबली तुला पाठवू का? की नकोत? आजींना परत देणं माझ्याच्याने होणार नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या बाळाला द्यायला हात होत नाही. पाहुण्यांना विचार. हवीत तर हवीत लिही, नकोत तर नकोत. रागावली असशील तर शिव्या लिही. पण लिही, भिंगरी, गप्प राहू नकोस. तुझं उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ काय धरायचा, ते मला माहीत नाही.

तुझा,
दादा